‘माहीत नाही’ला गुण देणारी मैत्रीण

रोशनीचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या माझ्या घरी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. सकाळचे नऊ वाजले असतील. "मॅडम, तायडे मॅडम गेल्या," ती म्हणाली. आणि माझ्या तोंडून काय निघावं? ना ‘अरे देवा’, ना ‘कधी’. मी विचारलं, "कशावरून?" दुसरं कोणी असतं तर त्याला वाटलं असतं, म्हातारीचं डोकं फिरलं. पण रोशनी शैलजा तायडेची विद्यार्थिनी. तिनं हुंदका गिळला आणि वर्गात उभं राहून उत्तर द्यावं तसं सांगितलं, "मी बाजूलेच बसली होती, मॅडम. त्याईचा हात माह्या हातात होता. श्वास थांबला थे मी पाह्यलं. डॉक्टरनं सांगतलं थे मंग." म्हणजे स्वतः पाहिलेलं आधी आणि दुसऱ्यानं सांगितलेलं नंतर. अशा वेळीसुद्धा पोरगी क्रम चुकली नाही. मी शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि मग रडले.

या गोष्टीला आता सहा-सात आठवडे झाले. भेटायला येणारे ‘मोठ्या चांगल्या शिक्षिका होत्या’ असं म्हणतात आणि चहा पिऊन जातात. मला प्रत्येकाला धरून विचारावंसं वाटतं की बाबा रे, कशावरून? तुला काय माहीत आहे? मला माहीत आहे, म्हणून लिहिते.

शैलजा आणि मी तेल्हाऱ्याच्या पलीकडच्या एका गावात, एकाच शाळेत चौदा वर्षं शिकवलं. मी गणित, ती इतिहास-भूगोल. ती अकोल्याची. वडील लहानपणीच गेलेले, आई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. मी चांदूर बाजारच्या शेतकरी घरातली, सहा बहीणभावंडांत थोरली, त्यामुळे वेळ, शिस्त आणि बरोबर उत्तर या तिन्ही बाबतींत ताठा भरपूर. ती रुजू झाली त्याच आठवड्यात मी सहावीच्या वर्गावरून जात होते, तर आत हा गोंधळ! कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर पालथा घातलेला, पोरं त्याच्याभोवती उकिडवी बसलेली आणि मधोमध ही बाई पदर खोचून. मी दारातूनच विचारलं, "तायडे मॅडम, हे काय चाललंय?" तर म्हणते, "इतिहास."

मी तिथंच उभी राहिले, अर्धी रागानं आणि अर्धी उत्सुकतेनं. तिनं पोरांना सांगितलं होतं, समजा तुम्ही या गावचे नाही, ही शाळा कधी पाहिली नाही. आता या कचऱ्यावरून सांगा, काल इथं कोण होतं, काय खाल्लं, काय केलं. पोरांनी चिंचोके वेगळे काढले, पेन्सिलीची सालपटं वेगळी, बिस्किटाचे कागद वेगळे. त्यात एका कागदाचे सोळा तुकडे निघाले. दोन मुलींनी ते जमिनीवर जुळवले, तर ती माझ्या घटक चाचणीची उत्तरपत्रिका, वर लाल शाईत माझा भलामोठा शेरा. एका पोरानं तिथल्या तिथं निकाल दिला, "काल गावंडे मॅडमच्या तासाले कोनाले तरी लय राग आल्ता." शैलजानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं त्यालाच विचारलं, "राग आल्ता हे कशावरून? फाडणारा रडत असन तं?" पोरगं पुन्हा तुकड्यांवर वाकलं. मी तणतणत निघून गेले. पण त्या दिवशी पुढच्या तासाला उत्तरपत्रिका वाटताना मी पहिल्यांदा पोरांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, हे कबूल करायला हवं.

मोहेंजोदडो, इजिप्त, मेसोपोटेमिया ही नावं सहावीतल्या पोरांना पाठ असतात. चार ओळींचं उत्तर लिहायचं आणि सुटायचं. शैलजाला ते चालत नसे. राजे आणि त्यांच्या थडग्यांचं तिला फारसं कौतुक नव्हतं. ती पोरांना विचारायची की चार हजार वर्षांपूर्वी सकाळी उठल्यावर तुमच्याएवढं पोरगं काय करत असेल? तोंड कशानं धूत असेल? न्याहारीला काय? दळायचं कोण? घाण कुठं टाकायचे? आणि हे तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नाही सांगणार. मी एकदा स्टाफरूममध्ये तिला विचारलं की बाई, एवढा आटापिटा कशाला, पुस्तकात आहे ते शिकव की. तिनं डब्यातली भाकर मोडता मोडता म्हटलं, "माही माय जिनिंगमंदी आयुष्यभर सरकी येचत राह्यली, विजया. तिचं नाव कोन्या कागदावर नाही. पन तिचा पाटा हाये माह्याजवळ. त्याच्यावर मधात खड्डा पडला हाये, एका बाजूले जास्त. काहून, तं ती डाव्या हाताची होती. हे कोन्या पुस्तकात भेटन सांग बरं?" त्यानंतर मी तिला ‘तायडे मॅडम’ म्हणणं सोडलं आणि शैला म्हणायला लागले.

तिची पद्धत साधी होती. प्रत्येक पोराची एक वही. वहीच्या पानावर तीन रकाने: दिसलं, वाटलं, माहीत नाही. पहिल्या रकान्यात डोळ्यांनी पाहिलेलं किंवा पुस्तकातल्या चित्रात खरोखर असलेलं. दुसऱ्यात त्यावरून काढलेला अंदाज आणि त्याच्यापुढे ‘कशावरून’. तिसऱ्यात जे कळलेलं नाही ते. चुकलं तर खोडरबर वापरायचं नाही, एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि तिसऱ्या रकान्यातलं एखादं पुढे कधी कळलं, तर त्याच्यापुढे कळल्याची तारीख टाकायची. या तिसऱ्या रकान्याला ती सगळ्यात जास्त गुण द्यायची. आता मी गणिताची बाई! माझ्याकडे ‘माहीत नाही’ लिहिलं की भोपळा. मी हेडसरांकडे तक्रार नेली, अगदी लेखी. हेडसरांनी दोघींना बोलावलं. शैला शांतपणे म्हणाली, "सर, ज्याले काय माहीत नाही थेच माहीत नाही, तो शोधन काय?" हेडसर बिचारे कपाळ चोळत राहिले. तक्रार तिथंच बारगळली. ती स्वतःही तसलीच एक वही ठेवायची, निळ्या पुठ्ठ्याची, पर्समध्ये कायम. त्यात काय लिहिते असं विचारलं तर हसायची.

तिच्या वर्गाचे किस्से सांगायला बसले तर हा लेख संपायचा नाही. पण मिरचीचा सांगितलाच पाहिजे. मोहेंजोदडोच्या स्वयंपाकघराचं चित्र काढायचं होतं. एका गटानं फार मन लावून काढलं. चूल, रांजण, पाटा-वरवंटा आणि पाट्यावर हिरव्यागार मिरचीचा ठेचा. शैलानं विचारलं, "मिरची कशावरून?" गटाचा म्होरक्या प्रामाणिकपणे म्हणाला, "मिरचीशिवाय भाकर घशाखाली उतरनच कशी, मॅडम?" सगळा वर्ग त्याच्या बाजूनं. आमच्या वऱ्हाडात दुसरं काय होणार? तिनं चूक सांगितली नाही. "शोधून आण," एवढंच. पोरं तेल्हाऱ्याच्या वाचनालयात गेली, एकाच्या मामाच्या मोबाइलवर शोधलं, पण तिचा नियम होता की एका ठिकाणी वाचलेलं धरायचं नाही, निदान दोन ठिकाणी पाहिजे. चार दिवसांनी तो म्होरक्या खांदे पाडून वर्गात उभा राहिला. "मॅडम, त्याईच्याकडे मिरचीच नव्हती. थे तं लय मंग जहाजानं आली. आलू बी नाही अन् टमाटं बी नाही." आणि मग खऱ्या कळवळ्यानं, "बिचारे जेवत कसे अशिन?" पण त्याच शोधात त्यांना कळलं की त्या लोकांकडे कापूस होता, ते सूत कातत आणि कापड विणत. मग काय विचारता! चार हजार वर्षांपूर्वीचे लोक एकदम नात्यातले झाले. आमच्या गावच्या पोरांना वाटायचं कापूस म्हणजे बापाची कटकट. त्या दिवशी पोरं छाती काढून घरी गेली. तिथल्या झाकलेल्या नाल्यांचं वाचल्यावर याच वर्गानं सरपंचांना गाठून ‘आपल्या नाल्या उघड्या काहून हायेत’ असं विचारलं होतं, तेव्हापासून सरपंच शैलावर फुरंगटून होते.

आणि याचा ताप मला! सहावीची पोरं माझ्या तासाला हात वर करायला लागली. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशी... "कशावरून, मॅडम?" पहिल्या दिवशी मी दटावलं. दुसऱ्या दिवशी घरून कागदाचे त्रिकोण कापून नेले, कोपरे फाडून एका रेषेत लावून दाखवले. अठरा वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदा पोरांना गणित दाखवलं, नुसतं सांगितलं नाही. शैलाला मी हे कधी बोलले नाही. तिला अर्थातच कळलं होतं.

आता त्या चकतीची गोष्ट. आमच्या गावाबाहेर एक टेकाड आहे. शेतातली माती काळी, पण या टेकाडाची राखेसारखी पांढुरकी. लोक त्याला पांढरी म्हणतात आणि भिंती सारवायला तिथली माती आणतात. शैलानं पोरांना समजावलं की माणसं पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिली, चुली पेटवल्या, भिंती बांधल्या आणि पाडल्या, की माती अशी होते. म्हणजे आपण रोज ज्याच्या बाजूनं ढोरं नेतो ते कोणाचं तरी गाव होतं. तिनं पोरांना तिथं नेलं. खणायला सक्त मनाई. पावसानं उघडं पडलेलं तेवढंच पाहायचं, कुठं सापडलं ते नकाशावर टिंब देऊन लिहायचं. तिथं रोशनीच्या गटाला एक चकती सापडली. भाजलेल्या मातीची, रुपयाच्या तीनपट, मधोमध गोल भोक. रोशनी तेव्हा बारा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, बोलणं कमी. तिनं चकती शैलाच्या हातावर ठेवली आणि... मी साक्षीदार आहे, त्या दिवशी शैलाच्या डोळ्यांत जे चमकलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मोहेंजोदडोच्या पोरांच्या मातीच्या खेळगाड्यांची चाकं तिनं पुस्तकात हजारदा पाहिलेली. तिनं ‘कशावरून’ विचारलं नाही. स्वतःच्या सुंदर अक्षरात चिठ्ठी लिहिली, "लहान मुलांच्या गाडीचं चाक. अतिप्राचीन." आणि तीही ‘दिसलं’च्या रकान्याखाली.

मग काय, गावात धूम. सरपंचांचा रुसवा गेला. आपलं गाव मोहेंजोदडोच्या काळचं म्हणून चौकात फ्लेक्स लागला, शैलाच्या फोटोसकट. वर्तमानपत्रात बातमी आली. ‘प्राचीन काळातली एक सकाळ’ हा पोरांचा प्रकल्प अकोल्याच्या प्रदर्शनात पहिला आला आणि विभागासाठी अमरावतीला निवडला गेला. हेडसर सगळ्यांना पेढे वाटत होते. एवढ्या वर्षांत जिनिंगवालीच्या पोरीला कोणी नावाजलं नव्हतं, ते आता होत होतं, आणि मला तिच्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जे केलं ते याच आनंदापायी केलं.

अमरावतीला एसटीनं अकोट, दर्यापूर करत आम्ही आदल्या दिवशी पोचलो. शैला, मी आणि गटातल्या चार मुली. प्रदर्शनाच्या सकाळी एका मोठ्या शाळेच्या मैदानात मांडव होता. शैला टेबलं लावत होती. मी पाणी भरायला मागच्या नळाशी गेले, तर रोशनी तिथं भिंतीकडे तोंड करून रडत होती. मला आधी वाटलं घाबरली असेल. मग तिनं दप्तरातून दुपट्ट्यात गुंडाळलेली एक लाकडी टकळी काढली, आणि त्या टकळीच्या खाली तशीच चकती अडकवलेली. निघायच्या आदल्या संध्याकाळी पोरीनं कौतुकानं आपली चकती घरी आजीला दाखवली होती. आजी खो-खो हसली म्हणे. "अवं माय, हे तं तुह्या बुढ्याच्या टकळीचं चकतं हाये! कवेलू घासून केलं होतं त्यानं. टेकाडावर ढोरं चारे अन् अंबाडीची सुतळी काते. तिथंच पडलं असन." पोरगी शैलाची, तिनं आजीलाही विचारलं, कशावरून? तर आजीनं माळ्यावरून दुसरी टकळी काढून हातात दिली. चकती जराशी वाकडी होती, छपरावरच्या कवेलूला, म्हणजे कौलाला असतो तेवढाच बाक. गाडीच्या चाकाला असा बाक कशाला असेल? हे आमच्यापैकी कोणालाच दिसलं नव्हतं, आणि ज्या छपराखाली आम्ही सगळे जन्मलो त्याचाच तुकडा आम्ही ओळखला नव्हता.

"मॅडमले कसं सांगू, मॅडम?" तिनं मला विचारलं. आणि मी, विजया गावंडे, बरोबर उत्तराशिवाय पोरांना बाकावर बसू न देणारी, मी त्या पोरीला म्हटलं, "नाही सांगायचं. आज गप्प राहायचं. मॅडमची इज्जत जाईन, कळलं काय? घरी गेल्यावर पाहू." रोशनीनं टकळी परत गुंडाळली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला आजही ते डोळे आठवले की मान वर करवत नाही. ती गप्प टेबलाशी जाऊन उभी राहिली.

परीक्षक आले, तिघे जण. चित्रं पाहिली, वह्या चाळल्या, मिरचीचा किस्सा ऐकून हसले. मग त्यांतले एक चकतीवर वाकले. "वा! आणि हे?" शैलानं प्रेमानं रोशनीच्या पाठीवर हात ठेवला, "सांग नं, माय." रोशनी बोलेचना. मी मागून तिच्याकडे डोळे वटारून पाहत होते. ती चिठ्ठीकडे पाहत राहिली, मग मान वर करून तिनं शैलालाच विचारलं, "मॅडम... कशावरून?"

शैला म्हणाली, "अवं, पुस्तकात नाही का..." आणि थांबली. तिनं चिठ्ठी वाचली. स्वतःचंच अक्षर ती असं वाचत होती जसं कोणा पोराची वही तपासते आहे. रोशनीनं दप्तर उघडलं आणि टकळी टेबलावर ठेवली. मग एका दमात सगळं सांगितलं, आजी, कवेलू, बाक, माळा, सगळं. शैलानं दोन्ही चकत्या उचलल्या, एकीवर एक ठेवल्या, उजेडात धरल्या. आणि हसली! लाजेनं वगैरे नाही, पोट धरून हसली. पेन काढला, चिठ्ठीवर एक सरळ आडवी रेघ मारली आणि पेन रोशनीच्या हातात दिला. "लिही." पोरीनं खाली लिहिलं, "अंबाडीची सुतळी कातायच्या टकळीची चकती. कवेलूपासून केलेली. माझ्या आजोबांची." परीक्षक गोंधळले. एकानं हळूच विचारलं, "मॅडम, मग प्रकल्प मागे घ्यायचा का?" शैला म्हणाली, "कायले? आत्ता तं पूर्ण झाला."

बक्षीस मिळालं नाही, हे सांगायला नको. परतीच्या आधी बसस्टँडजवळ शैलानं सगळ्यांना गिला वडा खाऊ घातला, रोशनीला दोन, आणि एसटीत तिला खिडकी दिली. दोन दिवसांत चौकातला फ्लेक्स उतरला. ‘गावाचं नाव घालवलं’ म्हणणारे निघाले, हेडसर महिनाभर तिच्याशी तुटक वागले, एका पालकानं तर तोंडावर ‘याडी बाई’ म्हटलं. ती ग्रामसभेत गेली आणि उभी राहून म्हणाली की चूक माझी होती, पोरीनं ती पकडली, अशी पोरगी ज्या गावात आहे त्या गावाचं नाव कसं जाईल? पुढच्या आठवड्यात रोशनीची आजी वर्गात खुर्चीवर बसून सहावीला सुतळी कातायला शिकवत होती आणि शैला खाली पोरांत बसून शिकत होती. तिची सुतळी सारखी तुटायची. आजी ओरडायची, "हलकं धर नं, मास्तरीनबाई!" मी खिडकीतून पाहत होते. इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या कुठल्या निकालाचा वाटला नाही, आणि तो वाटत असतानाच छातीत काही तरी टोचत होतं. मांडवाच्या मागे नळाशी मी काय बोलले ते मी तिला सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता वर्षं गेली. रोशनीनंही सांगितलं नाही, हे मला तिनं नंतर शपथेवर सांगितलं. मी निवृत्त होऊन अमरावतीला आले, शैला अकोल्याला गेली. दर आठवड्याला फोन व्हायचा. जगातल्या सगळ्या गोष्टी बोललो, ही सोडून.

रोशनी आता अकोल्याला एका दवाखान्यात रक्त तपासते. ‘कशावरून’ विचारायचा पगार घेते, असं शैला म्हणायची. शेवटच्या आजारात तिनंच शैलाचं सगळं केलं. मी भेटले ती मरणाच्या दहा दिवस आधी. आवाज खोल गेलेला, पण डोळे तेच. तिच्या पलंगासमोर फळीवर तीन गोष्टी ठेवलेल्या, आईचा पाटा, ती कवेलूची चकती आणि रेघ मारलेली चिठ्ठी चौकटीत. लोक पुरस्कार लावतात, हिनं आपली चूक लावून ठेवली होती. मी तिच्या उशाशी बसले, तोंड उघडलं, आणि औषधाची वेळ झाली की नाही तेवढंच विचारून आले. ती मला दारापर्यंत डोळ्यांनी पोचवत राहिली.

तेरवी झाल्यावर तिच्या मुलीनं, मीनलनं, मला थांबवून घेतलं. "मावशी, हे तुमच्यासाठी काढून ठेवलंय. आईनंच सांगितलं होतं." चकती, आणि निळ्या पुठ्ठ्याची वही. घरी येऊन मी ती कितीतरी दिवस उघडली नाही. गेल्या रविवारी उघडली. पानामागून पान, तीन रकाने. तिसऱ्या रकान्यातल्या बहुतेक ओळींपुढे बारीक अक्षरात तारखा, कळल्याच्या. अमरावतीच्या प्रदर्शनाचं पान आलं. तिथं चकतीबद्दल होतं ते होतंच. पण अगदी खाली, वेगळ्या शाईत, आणखी एक नोंद होती.

दिसलं: "मांडवातून नळ दिसतो. रोशनी रडत होती. विजया तिच्याशी बोलत होती. पोरगी तिथून आली ती गप्प."

वाटलं: "विजयानं गप्प राहायला सांगितलं असावं. माझ्यावरच्या मायेपायी. कशावरून: तिला मी ओळखते."

माहीत नाही: "ती मला हे कधी सांगेल. मी विचारणार नाही."

पुढची जागा कोरी होती. उभ्या गावाला, परीक्षकांना, पोरांना आणि स्वतःला ‘कशावरून’ विचारणाऱ्या या बाईनं एक प्रश्न जन्मभर राखून ठेवला, माझी मान खाली जाऊ नये म्हणून. आणि जाताना वही मात्र माझ्याकडेच पाठवली. तिला ठाऊक होतं, गणिताच्या बाईला उत्तराशिवाय सोडलेली जागा बघवत नाही.

शैला, वर सगळं लिहिलंय. मी काय म्हटलं ते, जसंच्या तसं, खाडाखोड न करता. उशीर झाला वं... फार उशीर झाला. हे लिहून संपवलं आणि वही पुन्हा उघडली. पंख्याच्या वाऱ्यानं पान उलटत होतं, त्याच्यावर कवेलूची चकती ठेवली. मग पेन घेतला आणि त्या कोऱ्या जागेत आजची तारीख टाकली.